बसून राबणारे पाय

सोलापूर-धुळे महामार्गावरचे तेरखेडा हे गाव उर्वरित महाराष्ट्राला दोन वेळा आठवते. एकदा दिवाळीच्या तोंडावर, फटाक्यांची खरेदी सुरू होते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा एखाद्या कारखान्यात स्फोट होऊन माणसे होरपळतात तेव्हा. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या, पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या या भागात फटाक्यांच्या धंद्याने हाताला काम दिले, ही वस्तुस्थिती आहे. त्या कामात आगीचा धोका आहे, हीही वस्तुस्थिती आहे आणि त्यावर बोलावे तेवढे थोडेच. पण या कामाला आणखी एक बाजू आहे. तिचा आवाज होत नाही, धूर दिसत नाही, म्हणून तिची बातमीही होत नाही.

कागदाची नळी वळणे, तिचे तोंड बंद करणे, वात बसवणे, लडी गुंफणे, पाकिटे बांधणे ही सगळी हातांची कामे. बोटे दिवसभर भराभर चालतात. पाय मात्र मांडी घालून, उकिडवे किंवा एका अंगाला दुमडलेले राहतात. अशा कामावरून संध्याकाळी उठताना हात टेकावा लागतो, पाय भरून आलेले असतात, घोट्याशी चपलेच्या पट्ट्याची खूण उमटलेली असते. अशा माणसाला डॉक्टरांनी ‘व्यायाम करत जा’ म्हटले, की उत्तर ठरलेले असते : दिवसभर राबतो, आणखी कसला व्यायाम? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर अंगातून किती घाम गळाला यावरून मिळत नाही. त्यासाठी रक्त शरीरात फिरते कसे, हे पाहावे लागते.

पोटरीचा पंप

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. शांत बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला ७० च्या आसपास ठोके देते आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाभरात जवळपास सगळे रक्त एकदा फिरून येते. माणूस भरभर चालू लागला, चढ चढू लागला की हे प्रमाण दुपटीवर जाते आणि जोरदार श्रमात निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला २० लिटरपर्यंत रक्त ढकलू शकते.

हे वाढलेले रक्त सगळीकडे सारखे वाटले जात नाही. विश्रांतीच्या वेळी एकूण रक्तप्रवाहाचा जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. जोरदार व्यायामात तो चार-पंचमांशापर्यंत पोहोचतो. तेवढ्या वेळापुरता आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडचा ओघ आखडता घेतला जातो. मेंदूचा पुरवठा मात्र फारसा हलत नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवावी तसेच हे आहे, फक्त इथे चारी उघडण्यासाठी कोणा अधिकाऱ्याची सही लागत नाही. काम करणाऱ्या स्नायूत ऑक्सिजन कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता वाढते, आणि या बदलांनीच तिथल्या बारीक धमन्या सैल होऊन रुंदावतात. एरवी मिटून राहिलेल्या कितीतरी केशवाहिन्यांतून रक्त खेळू लागते. स्नायूंतल्या या केशवाहिन्यांचे नियमन शोधल्याबद्दल डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

रक्त पायांपर्यंत पोहोचवणे हृदयाला जड जात नाही. खरा प्रश्न ते परत वर आणण्याचा आहे. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास उंची असते. माणूस न हलता उभा राहिला, तर त्या सगळ्या रक्ताच्या स्तंभाचा भार घोट्याजवळच्या शिरांवर येतो आणि तिथला दाब ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास जातो. हृदयाचा धक्का केशवाहिन्या ओलांडेपर्यंत जवळपास संपलेला असतो. मग रक्त चढते कसे? शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात, ज्या रक्ताला वर जाऊ देतात पण खाली येऊ देत नाहीत. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा या झडपांची दिशा हा त्यांच्या युक्तिवादाचा एक मोठा आधार होता. पण झडप हे नुसते दार. ढकलणारा कोणी तरी लागतो. ते काम पोटरी करते.

पाऊल टाकताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर उसळते. पाऊल उचलताना स्नायू सैल पडतो, शिरा मोकळ्या होतात आणि खालचे रक्त त्यांत भरते. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. थोडी पावले टाकताच घोट्याजवळचा ९० चा दाब ३० च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यासाठी. मात्र हा पंप चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात : आवळणे आणि सैल सोडणे. नुसते आवळून धरले तरी पंप बंद, आणि नुसते सैल सोडले तरी बंद. खुद्द हृदयाचेही तसेच आहे. त्याच्या डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला स्वतःचे रक्त मिळते ते बहुतांशी आवळण्याच्या नव्हे, तर सैल पडण्याच्या क्षणी.

तीन कामे, अडचण एक

हे ध्यानात घेतले की ‘राबणे म्हणजे व्यायाम’ या समजुतीतली गफलत दिसते. धाराशिवच्या या पट्ट्यातलीच तीन कामे घेता येतील.

पहिले फटाक्यांचे, बसून करायचे. गुडघा आणि मांडीचा सांधा तासन्‌तास दुमडलेला राहिला की तिथल्या धमनीला बाक येतो आणि तिच्यातला प्रवाह मंदावतो. पोटरी निवांत असल्याने शिरांमधले रक्त रेंगाळते आणि पाणी भोवतालच्या ऊतींमध्ये झिरपून सूज येते. इथे बसण्याच्या पद्धतीला दोष देण्याचे कारण नाही. उकिडवे बसताना पायांचे स्नायू थोडेफार काम करत असतात. खुर्चीत रेलून बसण्यापेक्षा ते बरेच म्हणावे लागेल. अडचण आहे ती एकाच बैठकीत तासन्‌तास राहण्याची.

दुसरे काम खव्याचे. भूम आणि वाशीच्या भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. कढईतले दूध खाली लागू नये म्हणून ते सतत हलवत राहावे लागते. जिथे हे काम हाताने होते, तिथे माणूस विस्तवासमोर एका जागी उभा असतो. हात राबतात, पाय खांबासारखे. त्यात भट्टीची धग. अंग तापले की ते निववण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, शिरा सैलावतात आणि पायांत साठणारे रक्त वाढते. वर्षानुवर्षे असे उभे राहणाऱ्यांच्या शिरांवर ताण येतो. ज्यांच्या झडपा आधीच कमजोर आहेत, त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागतात. पोलीस, शिक्षक, न्हावी, दुकानातले विक्रेते यांनाही हा त्रास ओळखीचा आहे.

तिसरे काम ऊसतोडीचे. वाशी, भूम, कळंब या तालुक्यांतून दरवर्षी मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघतात. इथे हालचालीची कमी नाही. वाकणे, कोयता चालवणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढणे. पण जड ओझे उचलून धरताना स्नायू सतत आवळलेले राहतात, आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तदाब एकदम चढतो. एखाद्या वेळी चढला तर बिघडत नाही. पण दिवसाचे दहा-बारा तास तो चढता राहिला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच सुरू झाले, मध्ये पुरेशी झोप आणि पाणी मिळाले नाही, तर शरीराला सावरायला उसंतच मिळत नाही.

डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाचा माग काढत आले आहेत. कोपनहेगनमधल्या १ लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीवर आधारित त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात चालणे-फिरणे-खेळणे करणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. मात्र पोटापाण्यासाठी जड शारीरिक श्रम करणाऱ्यांमध्ये ते जास्त दिसले. श्रमिकांची गरिबी, व्यसने, उपचारांची वानवा यांचा त्यात वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तो वाद मान्य करूनही एवढे म्हणता येते की, अंगमेहनत करणाऱ्याचे हृदय आपोआप सुरक्षित होते हे गृहीत धरण्यास आधार नाही.

बसचालक आणि कंडक्टर

बसून राहण्याचा आणि हृदयाचा संबंध जगाच्या नजरेस आणला तो लंडनच्या दुमजली बसने. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या हजारो बस कर्मचाऱ्यांच्या आजारांची नोंद तपासली आणि १९५३ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापली. चालक आणि कंडक्टर एकाच वस्तीतले, जवळपास सारख्या पगाराचे. पण चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झालाच तर तो कमी जीवघेणा होता. पायी किंवा सायकलवर फिरणारे पोस्टमन आणि कार्यालयात बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कंपनीकडून गणवेशांची मापे मागवली, तेव्हा चालकांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी असल्याचे दिसले. म्हणजे फरकाचे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते, आणि हे त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. पुढच्या सत्तर वर्षांत देशोदेशी झालेल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला मात्र बळच दिले.

हे का होते, याचा उलगडा रक्तवाहिनीच्या अस्तरात आहे. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. रक्त जोमाने वाहू लागले की ते या थरावर घासत जाते आणि त्या घासण्याला प्रतिसाद म्हणून पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्याने धमनीची भिंत सैलावते, ती रुंद होते, रक्तातल्या चकत्या एकमेकींना चिकटून गुठळी होण्याची शक्यता घटते. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिड मुराद या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. बसून राहिले की प्रवाह मंदावतो, घासणे कमी होते आणि हे अस्तर आळसावते.

किती वेळात? अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात सौरभ ठोसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना तीन तास खुर्चीत बसवून त्यांच्या मांडीतली धमनी तपासली. पहिल्या तासातच तिची रुंदावण्याची क्षमता लक्षणीय घटली. त्याच तरुणांना दुसऱ्या दिवशी दर तासाला फक्त पाच मिनिटे सावकाश चालवले, तर ही घट झाली नाही. मिसुरी विद्यापीठातल्या दुसऱ्या एका गटाला असे दिसले की, बसल्या जागी मधूनमधून पाय हलवत राहिले तरी गुडघ्यामागची धमनी शाबूत राहते. हे प्रयोग मोजक्या लोकांवरचे आणि काही तासांचे होते, त्यावरून आयुष्यभराचा हिशेब मांडता येणार नाही. पण त्यांनी दाखवलेली दिशा रक्ताभिसरणाच्या शास्त्राशी जुळणारी आहे. आपल्याकडे बसल्या जागी पाय हलवणाऱ्या पोराला घरातली मोठी माणसे हटकतात. त्या बाबतीत पोराचे पाय अधिक शहाणे म्हणायचे.

किती आणि कसे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेला सल्ला सोपा आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार. दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. आणि बसून राहण्याचा वेळ कमी. मध्यम म्हणजे भरभर चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत. रोज तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस चालले की १५० चा आकडा पुरा होतो. तो सलग व्हायला हवा असे नाही. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात.

यातून शरीरात काय घडते? काही आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण थोडे वाढते आणि हृदयाचा एकेक ठोका अधिक रक्त ढकलू लागतो. त्यामुळे विश्रांतीतले ठोके कमी होतात. स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या फुटतात. धमन्यांचा ताठरपणा घटतो. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नियमित चालण्याने सरासरी ५ ते ८ ने खाली येतो. हे औषधाला पर्याय नव्हे. गोळी चालू ठेवूनच चालायचे आणि ती कमी करायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण एका साध्या सवयीसाठी हा लाभ लहान नाही.

मात्र ही शिल्लक साठवून ठेवता येत नाही. चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीला किंवा कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी माणसे या भागात घरोघरी आहेत. एका रात्रीत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालणारे हे पाय उरलेले वर्षभर दुमडून ठेवले, तर देवीचे दर्शन पदरात पडेल, पण रक्तवाहिन्यांच्या पदरात काही उरणार नाही. व्यायाम थांबला की त्याचे फायदे काही आठवड्यांत ओसरू लागतात.

काळवेळही पाहिली पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अंग थंड ठेवण्यासाठी कातडी रक्त मागते आणि चालण्यासाठी स्नायू. त्यात पाणी कमी प्यालेले असेल तर रक्ताचे आकारमानच घटते आणि हृदयाला दोघांची मागणी पुरवताना धाप लागते. म्हणून उन्हाळ्यात चालणे पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. तंबाखू आणि मिश्री यांतले निकोटिन रक्तवाहिन्या आखडवते. तोंडात बार भरून चालणे म्हणजे एका हाताने दार उघडून दुसऱ्या हाताने लावणे.

काही लक्षणांकडे मात्र ‘चालून बरे होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नये. चालताना छातीवर दडपण येणे, ती कळ जबड्यात किंवा डाव्या हातात जाणे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर तो जाणे. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणे. पायावरची न भरणारी जखम. यांतले दुसरे लक्षण पायाची धमनी अरुंद झाल्याचे असू शकते. त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे हाच एक मान्य उपचार आहे. तिसरे लक्षण शिरेत गुठळी झाल्याचे असू शकते. अशा पायाला चोळू नये, तातडीने डॉक्टर गाठावा. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज तळवे पाहावेत.

पाच मिनिटे कोणाची?

इथवर सगळे सोपे वाटते. अडचण पुढे आहे. ‘भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदे’च्या मधुमेहविषयक पाहणीचा भाग म्हणून महाराष्ट्रासह चार प्रदेशांतल्या शारीरिक हालचालींचा अभ्यास झाला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते, पण खेड्यांतही ते ५० टक्के होते, आणि व्यायाम किंवा खेळ म्हणून हालचाल करणारे दहा टक्केही नव्हते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. खेड्यातली माणसे कष्टकरी, म्हणजे त्यांची काळजी नको, ही कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही.

स्त्रियांचा आकडा मोठा असण्यामागे आळस नाही. पहाटे पाणी, चूल, जनावरे. दिवसभर कामाची शेड. संध्याकाळी पुन्हा चूल. अर्धा तास ‘फिरायला’ निघालेल्या बाईकडे गाव कसे बघते हे सांगायला नको. महामार्गाच्या कडेने चालायचे तर ट्रकची भीती, शेतरस्त्याने जायचे तर अंधाराची. अशा बाईला ‘रोज तीस मिनिटे चाला’ एवढेच सांगणे म्हणजे जबाबदारी तिच्यावर ढकलून मोकळे होणे आहे. तिची पाच मिनिटे तिला कामाच्या वेळातूनच मिळायला हवीत.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी बंधनकारक केली. त्याच कायद्यात, उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी असेही कलम होते. म्हणजे उभ्या पायांचा विचार पाऊणशे वर्षांपूर्वीच झाला होता. बसलेल्या पायांचा झाला नाही, कारण त्या काळी बसणे म्हणजे आराम असेच मानले जाई. आज शास्त्र पुढे गेले आहे. तासाला पाच मिनिटांचे उठणे हे लाड नसून ते सुट्टीइतकेच आवश्यक आहे, हे कामगार खात्याच्या तपासणीत आणि कारखानदारांच्या वहिवाटीत यायला हवे. जिथे मजुरी नगावर आहे तिथे उठलेली पाच मिनिटे थेट पगारातून जातात. म्हणून त्या वेळेची भरपाई दरात धरली पाहिजे. नाहीतर कोणीही उठणार नाही, आणि मग ‘सांगितले होते, पण बायाच ऐकत नाहीत’ हे वाक्य तयार असेल.

फटाक्यांच्या शेडमध्ये याला शिस्तही लागेल. जिथे दारू हाताळली जाते तिथे मधेच उठून येरझाऱ्या घालणे धोक्याचे. म्हणून उठायचे ते ठरल्या वेळी, हातातले काम नीट बाजूला ठेवून, शेडबाहेरच्या सावलीत. शेजारी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह हवे. ते नसेल तर बायका पाणीच कमी पितात आणि उन्हाळ्यात त्याची किंमत रक्ताभिसरणाला मोजावी लागते. कामाची अदलाबदल हा बिनखर्चाचा उपाय आहे. वात बसवणारीने काही वेळाने पाकिटे मोजण्याच्या, ठेवण्याच्या कामाला जावे आणि तिथलीने बसावे. खव्याच्या भट्टीवर एक स्टूल आणि आळीपाळीने ढवळणे, ऊसतोडीच्या फडात सावली, पाणी आणि दुपारची खरीखुरी विश्रांती, हेही याच यादीतले. बसल्या जागी टाच टेकवून चवडा उचलणे आणि चवडा टेकवून टाच उचलणे, असे दहा-पंधरा वेळा करणे तर कोणाच्याही परवानगीशिवाय होते.

गावाचाही वाटा आहे. शाळेचे मैदान पहाटे आणि संध्याकाळी उघडे ठेवणे, त्याभोवती दिव्याचे चार खांब लावणे ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली गोष्ट आहे. पाच-दहा जणी मिळून निघाल्या की गावाच्या नजरा आपोआप वळतात. बचत गट हे त्यासाठी तयार असलेले निमित्त आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासली जाणे अपेक्षित आहे. ही तपासणी कामाच्या जागी जाऊन केली आणि त्याच वेळी पायांवर एक नजर टाकली, तर सूज, फुगलेल्या शिरा, न भरलेली जखम लवकर ध्यानात येईल.

तेरखेड्याच्या शेडमध्ये आग लागू नये म्हणून नियम आहेत, ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणा आहे, आणि ती कमी पडली की जाब विचारणारेही आहेत. दुमडलेल्या पायांसाठी यातले काहीच नाही. सुरुवात मोठी करण्याची गरज नाही. या हंगामाच्या आधी एखाद्या कारखान्याने दर तासाला घंटा वाजवून सगळ्यांना पाच मिनिटे बाहेर काढले, त्या पाच मिनिटांची मजुरी कापली नाही, आणि संध्याकाळी उठताना किती जणींना हात टेकावा लागतो हे महिन्याभराने पाहिले, तरी पुरे. बाकीच्यांना पटवायला तेवढे पुरेसे ठरेल.